‘६४ स्लाइस सीटी’ : काप, छेद की चकती?

प्रश्न असा आहे : सीटी स्कॅनच्या यंत्राला ‘६४ स्लाइस’, ‘१२८ स्लाइस’ म्हणतात, तर त्यातून शरीराची तेवढीच चित्रं निघतात का? स्लाइसला मराठीत काप म्हणावं, छेद म्हणावं की चकती? आणि एमआरआयच्या यंत्राला असा आकडा का लावत नाहीत?

चित्रांचा आणि या आकड्याचा संबंध नाही. छातीच्या एका तपासणीत चित्रं शेकड्यांनी निघतात, मग यंत्र १६ स्लाइसचं असो की ६४. आकडा असतो गँट्रीच्या एका फेरीचा. गँट्री म्हणजे ते मोठं कडं, ज्यात एका बाजूला क्ष-किरणांची नळी आणि समोर शरीरातून आलेले किरण टिपणारे डिटेक्टर बसवलेले असतात. हे कडं रुग्णाभोवती एकदा फिरलं की लगतच्या किती कापांची मोजमापं एकदम मिळतात, तेवढं तो सांगतो.

गंमत अशी की गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ईएमआय कंपनीत घडवलेला डोक्याचा पहिला स्कॅनर एका वेळी दोन काप घ्यायचा. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. आजच्या बोलीत त्या स्कॅनरला ‘२ स्लाइस’ म्हणावं लागेल, पण तेव्हा तसं म्हणायची गरजच नव्हती. तुलनेला दुसरं यंत्र होतं कुठे? एका जोडीला चार-पाच मिनिटं लागत आणि चित्र ८० × ८० ठिपक्यांचं असे. पुढची बरीच वर्षं प्रत्येक फेरीनंतर कडं उलटं फिरवावं लागे, नाहीतर वीजतारांना पीळ बसला असता. १९८० च्या दशकाच्या शेवटी स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या कड्याला तारांऐवजी सरकत्या संपर्कातून वीज पुरवणाऱ्या कड्या, आल्या, कडं एकाच दिशेनं अखंड फिरू लागलं, टेबलही त्याच वेळी सरकू लागलं आणि ‘स्पायरल सीटी’ हा शब्द रुळला. आकडा नावाला चिकटला तो त्यानंतर. १९९८ मध्ये चार स्लाइसची यंत्रं आली, २००४ च्या सुमारास ६४ ची, आणि आकड्यांची चढाओढ लागली.

या चढाओढीत शब्दाचा अर्थ जरा सैल झाला. जीईच्या ६४ स्लाइस यंत्रात डिटेक्टरच्या ६४ ओळी होत्या, प्रत्येक ०.६२५ मिलिमीटरची, म्हणजे एका फेरीत ४० मिलिमीटर शरीर टिपलं जाई. त्याच काळातल्या सीमेन्सच्या ‘६४’ मध्ये मात्र ०.६ मिलिमीटरच्या ३२ ओळी वापरल्या जात. नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत झपाट्यानं दोन जागांवर हलवून प्रत्येक ओळीकडून किंचित वेगळ्या कोनातून दोनदा मोजमाप घेतलं जाई, म्हणून ३२ चे ६४. ही लबाडी नव्हे. एकमेकांवर थोडे चढलेले असे काप घेतल्यानं बारीक तपशील खरोखर सुधारतो. पण एका फेरीतली रुंदी १९.२ मिलिमीटरच राहते. तेव्हा ‘स्लाइस’चा अर्थ ‘डिटेक्टरची ओळ’ असा कुणी सांगितला तर तो अर्धाच बरोबर धरावा. पुढच्या बऱ्याच ‘१२८ स्लाइस’ यंत्रांत ओळी ६४ असतात, त्या अशाच कुठल्या तरी युक्तीमुळे.

आकडा दुप्पट म्हणजे चित्र दुप्पट स्पष्ट, असंही समजू नये. बारकावा मुख्यतः डिटेक्टरचा एकेक घटक किती लहान आहे यावर ठरतो; ओळी वाढल्या की मुख्यतः वेळ वाचतो. ३० सेंटिमीटर छाती पाच मिलिमीटरच्या एकेरी कापानं, सेकंदाला एक फेरी या गतीनं घ्यायची तर मिनिटभर श्वास रोखावा लागेल. ४० मिलिमीटर रुंदी आणि ०.४ सेकंदाची फेरी असेल तर तीन सेकंदांत काम होतं. धडधडत्या हृदयासाठी हा फरक फार मोठा आहे. तोशिबाच्या ३२० ओळींच्या यंत्रात १६ सेंटिमीटर, म्हणजे अख्खं हृदय, एका फेरीत मावतं.

आता मराठी शब्द. सीटीतला ‘टी’ म्हणजे टोमोग्राफी, आणि ‘टोमोग्राफी’तला ‘टोमोस’ ग्रीक आहे, अर्थ कापलेला तुकडा. अ‍ॅटममध्ये तोच आहे : जो कापता येत नाही तो, म्हणजे अच्छेद्य. त्या नात्यानं ‘छेद’ जवळचा वाटतो, आणि आराखड्यातला आडवा छेद, उभा छेद आपल्या ओळखीचा आहेच. पण छेद म्हणजे प्रतल, त्याला जाडी नसते. इथे जाडी हाच तर कळीचा मुद्दा : रेडिओलॉजिस्ट ‘थिन कट’ मागतात तेव्हा ते जाडीबद्दलच बोलत असतात. म्हणून मी मोजमापाच्या तुकड्याला ‘काप’ म्हणेन आणि पडद्यावर दिसणाऱ्या चित्राला ‘छेदचित्र’. आडवं, उभं, तिरकं कसंही छेदचित्र संगणक नंतर त्याच मोजमापांतून काढू शकतो. ‘कॅट स्कॅन’ या सीटीच्या जुन्या नावातला अक्षीय या अर्थाचा ‘ए’ मागे पडला, ते याला साजेसंच झालं. चकतीला जाडी आहे, पण गोलपणाही आहे, आणि धड काही गोल नसतं. यंत्राचं नाव मात्र ‘६४ स्लाइस’च ठेवावं. ‘६४ कापी’ करून पाहिलं. ऐकणाऱ्याला झेरॉक्सचं दुकान आठवतं.

राहिला एमआरआय. तिथेही काप असतात, पण ते डिटेक्टरच्या ओळींनी ठरत नाहीत. चुंबकीय क्षेत्राला शरीराच्या लांबीनं थोडा उतार दिला की प्रत्येक जागेचे हायड्रोजन-केंद्रक थोड्या वेगळ्या वारंवारतेला प्रतिसाद देतात. रेडिओ लहरीची वारंवारता निवडली की कापाची जागा ठरते. लहरीचा वारंवारता-पट्टा आणि क्षेत्राचा उतार यांवरून त्याची जाडी ठरते. असे किती काप घ्यायचे ते त्या त्या तपासणीपुरतं ठरवता येतं, म्हणून यंत्राच्या नावात तो आकडा घालण्यात अर्थ नाही. तिथे नावाला लागतो चुंबकाचा जोर : १.५ टेस्ला, ३ टेस्ला.