दुधाचे खाडे आणि फुटलेली बरणी

वही, शाई, जुने कागद आणि बांधणी यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना एका सार्वजनिक वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल बाई या सदरात उत्तरं देतात.

प्रश्न : कराडचं जुनं घर विकायला काढलंय. माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत आईची १९६७ सालची डायरी सापडली. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. रात्री जागून वाचून काढली आणि खरं सांगायचं तर हिरमोड झाला. सगळा हिशेब! दूध, किराणा, इस्त्रीवाला. कोयनेचा भूकंप झाला त्या तारखेलाही एवढंच : 'पहाटे मोठा धक्का. फडताळातली बरणी फुटली. रात्री सगळे अंगणात. दूध १ लि.' आम्हा भावंडांबद्दल, बाबांबद्दल, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. मध्ये दोन पानं ब्लेडने कापलेली आहेत. १९ डिसेंबरच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ही डायरी ठेवण्यासारखी आहे का? असेल तर कशी ठेवू? धाकटा भाऊ म्हणतो, लॅमिनेट करून टाकू.
— एक वाचक, कराड

उत्तर : ठेवा. भावाला आधी थांबवा, त्याच्याकडे मग वळते.

तुमचा हिरमोड झाला, कारण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तुम्ही ती सलग वाचलीत. हिशेब तसा वाचायचा नसतो. एक जिन्नस धरायचा आणि त्याच्या मागे पानं उलटत जायचं. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवरच बघा. १९ डिसेंबर : 'लिंबं ५०, मीठ, हळद, बरणी (मधली).' भूकंप ११ तारखेचा. डिसेंबरात फुटलेल्या बरणीत काय असणार? मे-जूनमध्ये घातलेलं कैरीचं लोणचं, तेही पुढच्या मेपर्यंत पुरवायचं. म्हणजे घरातलं सहा महिन्यांचं तोंडीलावणं त्या पहाटे फरशीवर गेलं. आठ दिवसांनी, अजून जमीन अधूनमधून हादरत असताना, तुमच्या आईने पन्नास लिंबं आणली. शिवाय नवी बरणी मोठी न घेता मधली घेतली. फडताळावरचा भरवसा उडाला होता, की महिनाअखेरीला पैसे कमी पडत होते? त्याच पानावर जमेची बाजू असेल तर ती बघून मला कळवा, मलाही उत्सुकता आहे.

आता दुधाकडे या. त्या सोमवारी पहाटे सव्वाचारच्या सुमाराला धक्का बसला. कोयनानगरची घरं जमीनदोस्त झाली, पार मुंबई-पुण्याची माणसं घराबाहेर पळाली. आणि तुमच्याकडे 'दूध १ लि.' म्हणजे खाडा नाही. गवळी आला. कराडात त्या सकाळी कोण काय करत होतं, हे सांगणारं माणूस आज सहजी सापडणार नाही. तुमच्याकडे निदान एका गवळ्याची हजेरी शाईने लिहिलेली आहे.

बाबांचं म्हणाल, तर ते इस्त्रीच्या हिशेबात आहेत. कोणत्या महिन्यात शर्ट वाढले, कधी महिनाभर एकही गेला नाही, ते काढा. फिरतीची नोकरी असेल तर तिथे दिसेल, आजारपण असेल तर तेही. तुम्ही भावंडं पाटी-पेन्सिल, फी आणि खोकल्याच्या औषधात सापडाल. त्या पिढीतल्या बायका 'आज मन उदास' असं लिहीत बसत नसत. डायरी घरात उघडी पडायची, सासूबाईही चाळायच्या.

वाचताना एक लक्षात ठेवा. आकड्यापुढे उभी रेघ दिसली तर तो पूर्णविराम समजू नका. '१।' म्हणजे सव्वा रुपया, '१॥' दीड, '१॥।' पावणेदोन. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, १९६४ मध्ये 'नवे पैसे'तला 'नवे'सुद्धा गेला, पण हात सोळा आण्यांवर बसलेला तो बसलेलाच. 'चार आणे' लिहिलं असेल तर पंचवीस पैसे धरा.

कापलेल्या पानांच्या मागे लागू नका. पुढच्या पानावर उठलेल्या वळांवर पेन्सिल घासून वाचायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. नका करू. तिने कापलं ते कापलं.

आता भाऊ. लॅमिनेशनमध्ये कागद गरम होतो आणि प्लास्टिकमध्ये कायमचा कोंडला जातो, पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेपही नको. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, टेप गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. टाचण्या, यू-पिना हलक्या हाताने काढा, गंजानेच जास्त पानं जातात. ऊन दाखवायचा मोह आवरा. पंख्याखाली, सावलीत, पानं पंख्यासारखी उघडून डायरी उभी ठेवा. मऊ ब्रशने धूळ झटका. बांधणीच्या खळीवर कसर येते, म्हणून मलमलच्या पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे शेजारी ठेवा, पानांत खुपसू नका. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटात, पण बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. पावसाळ्यात त्या भिंतीचा ओलावा आत येतो.

भावाच्या हाताला काम हवंच असेल तर त्याला फोटो काढायला बसवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. पुठ्ठा दाबून डायरी सपाट करायची नाही, जेवढी उघडते तेवढीच उघडायची. कोऱ्या पानांचेही फोटो घ्या. पुढे छापलेलं रेल्वेचं वेळापत्रक, व्याजाचा तक्ता, मागे टिपलेले पत्ते, सगळं घ्या. मधल्या कप्प्यात बसची तिकिटं असतील तर ती कोणत्या पानात होती ते लिहून मगच हलवा.

प्रश्न : काकू, मला वह्यांचं वेड आहे. हाताने शिवलेल्या, कापडी पुठ्ठ्याच्या, जाड कागदाच्या वह्या घेते. पहिल्या पानावर नाव आणि तारीख सुंदर अक्षरात लिहिते आणि तिथेच थांबते. वही खराब होईल असं वाटतं. शिवाय लिहायचं काय? सकाळी हिंजवडीला जायचं, रात्री यायचं. घडत तर काहीच नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिलं पान सोडून दे. नाव टाकून झालंय तेवढं पुष्कळ. तिसरं पान उघड आणि आज भाजीला किती पैसे गेले ते लिही. मेथीची जुडी केवढ्याला, रिक्षावाल्याने किती मागितले आणि तू किती दिलेस. अक्षर मुद्दाम वाईट काढ. एकदा तेलाचा डाग पडला की वही तुझी होते, तोवर ती दुकानाचीच असते.

घडत काही नाही म्हणतेस, पण वरचं कराडचं पत्र वाच. पेशवाईतल्या कारकुनांनाही आपण काही थोर लिहितोय असं वाटत नसणार. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ते बैलांचा दाणा आणि कारागिरांची मजुरी टिपत होते, आणि आज त्या काळाची महागाई समजायला अभ्यासक तेच कागद उलगडतात. तुझी वही कोणी उलगडेल म्हणून लिही असं मी म्हणत नाही. पण चार महिन्यांनी तूच उलटशील तेव्हा 'आज खूप विचार आले' या वाक्याकडे बघून तुला काहीही आठवणार नाही. 'लिफ्ट बंद, नवव्या मजल्यापर्यंत जिना, शेजारच्या आजींची पिशवी मी घेतली' वाचलंस की तो अख्खा दिवस समोर येईल, आजी काय बोलल्या त्यासकट.

मी स्वतः दोनशेपानी, दुरेघी नसलेली, शाळेच्या दुकानात मिळते ती वही वापरते. पानांना आकडे घालते. मागची चार पानं राखून ठेवते, वाण्याकडे कीर्दीनंतर खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, असते तशी. पुढे जे येईल ते तारखेने लिहायचं आणि महिन्यातून एकदा मागे टिपायचं : गुडघा – पान ९, २२, ४०. गॅस सिलिंडर – पान ३, ३१. पाहुणे, पाऊस, उसने दिलेले पैसे. शेवटच्या सदरामुळे माझे बरेच नातेसंबंध सुरळीत आहेत. डॉक्टरांसमोर बसून 'केव्हापासून दुखतंय?' याला 'बऱ्याच दिवसांपासून' असं मोघम सांगावं लागत नाही, हा आणखी एक फायदा.

आणि कापडी पुठ्ठ्याच्या वह्या घेणं बंद करू नकोस. हौस आहे, करावी. फक्त एका वेळी एकच उघडी ठेव.

प्रश्न : रोजनिशी फाउंटन पेनने लिहितो. यंदा पावसात झोळी भिजली आणि निळ्या शाईची पानंच्या पानं धुऊन निघाली. कोणती शाई वापरावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शाळेत वापरतात ती निळी शाई बहुतेक नुसता रंग असते. कपड्यावरून धुता यावी म्हणूनच ती तशी करतात, त्यामुळे कागदावरूनही धुऊन जाते आणि उन्हात फिकट पडते. लोहयुक्त निळी-काळी शाई घ्या. लिहिताना निळसर दिसते, हवा लागली की काळी पडते आणि पाण्याला बरीच दाद देत नाही. मात्र 'ब्लू-ब्लॅक' लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत लोह असेलच असं नाही, विचारून घ्या. आणि अशी शाई भरलेलं पेन महिनोन् महिने पडू देऊ नका, निबेत गाळ बसतो. अधूनमधून कोमट नव्हे, साध्या पाण्याने धुवा.

भिजलेल्या वह्या अजून ओल्या असतील तर पानं एकमेकांपासून ओढून सोडवू नका. मध्ये टीपकागद घाला, तो ओला झाला की बदला. इस्त्री फिरवू नका. आणि कोकणातला पावसाळा रोजच्या झोळीत काढायचा असेल तर जून ते सप्टेंबर सरळ पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीचं लिहिलेलं पाण्याने जात नाही, उन्हानेही नाही. घरातल्या लहान मुलांच्या हाती खोडरबर लागू दिलं नाही म्हणजे झालं.