२०२९ मध्ये अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीवर आदळणार आहे का?

नाही. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून, निघून जाईल. आदळणार मात्र नाही. २००४ साली त्याचा शोध लागला तेव्हा मोजकीच निरीक्षणे हाती असल्याने त्याची कक्षा ढोबळच ठाऊक होती आणि धडकेची शक्यता काही काळ २.७ टक्क्यांपर्यंत वर गेली होती. घाबरवणाऱ्या बातम्या अजूनही त्याच आकड्यावर जगतात. मार्च २०२१ मधील रडार निरीक्षणांनंतर निदान पुढील शंभर वर्षे तरी धोका नसल्याचे नासाने जाहीर केले.

माझ्या मते खरी चिंता आहे ती अद्याप नोंद न झालेल्या लहान लघुग्रहांची. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटलेला दगड जेमतेम २० मीटरचा होता आणि सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो आधी कोणालाही दिसला नाही. लखलखाट पाहण्यासाठी लोक खिडक्यांपाशी गेले आणि मागाहून पोहोचलेल्या दाबाच्या लाटेने तावदाने फुटली. सुमारे १,५०० जखमींपैकी बहुतेकांना इजा झाली ती काचांनी. (असा लखलखाट दिसलाच, तर खिडकीपासून दूर व्हावे.)

वेळेत सापडलेला लघुग्रह ढकलता येतो, हे सप्टेंबर २०२२ मध्ये दिसले. नासाचे डार्ट यान डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या, सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि डायमॉर्फोसचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला.