शेती-प्लॉटची दलाली करतो, कॉम्प्युटर येत नाही. इंटरनेटचं नेमकं काय शिकू?

तुम्ही विचारलंय की वय 46, तालुक्याच्या गावी शेती आणि प्लॉटचे सौदे करता, मोबाईलवर फोटो पाठवण्यापलीकडे काही येत नाही, आणि कुणीतरी 25 हजारांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स गळ्यात मारतोय, तर तो करावा का. मी कारंजा लाडकडे हेच काम करतो. कोर्स करू नका. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक जाहिरात नसल्यामुळे तुटत नाही, कागद आणि रस्ता यांवरून तुटतं. शिकायचं ते त्याच्यासाठी.

सगळ्यात आधी सातबारा. तीन-चार वर्षांपूर्वी मी एका वावराचा (शेताचा) 51 हजार इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) घेऊन दिला, मालकाने दाखवलेल्या झेरॉक्सवर. खरेदीच्या आठवड्यात ताजा उतारा काढला तर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. मालक म्हणे, "कर्ज तं फेडलं ना जी मागच्याच साली." खरंच फेडलं होतं. पण बँकेचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला तलाठ्याकडे कुणी दिलाच नाही, त्यामुळे बोजा कमी झाल्याचा फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, झाला नाही. तेवढ्यात पार्टी बिचकली ती बिचकलीच, आणि इसार परत करताना मालकाची बोलणी मी खाल्ली.

आता मालकाच्या ओट्यावर चहा येईपर्यंत मी उतारा काढतो. सरकारच्या महाभूमी साईटवर अमरावती विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की सातबारा फुकट पाहता येतो. तो फक्त माहितीसाठी. डिजिटल स्वाक्षरीचा हवा असेल तर 15 रुपये. उघडला की क्षेत्राच्या आधी भोगवटादार वर्ग (जमिनीच्या मालकीचा प्रकार) बघा. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. मालक आदिवासी आणि घेणारा बिगरआदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या 36 आणि 36-अ कलमांमुळे परवानगीचा मोठा घोळ असतो, तिथे मी हातच लावत नाही. मग इतर हक्क, मग खाली प्रलंबित फेरफार. फेरफाराची नोटीस सरकारच्या ‘आपली चावडी’ साईटवरही दिसते. भावाभावांचं वाटणीचं भांडण बऱ्याचदा तिथेच कळतं. घेणाऱ्यालाही त्याच्या नावचा सातबारा मागा. आपल्याकडे 1958 चा विदर्भाचा कूळ कायदा लागतो आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन अशी सरळ घेता येत नाही. पुण्याच्या पार्टीला हे बहुतेक वेळा माहीतच नसतं.

एक सावधगिरी. फेसबुकवर जाहिरात टाकताना गट नंबर कधीच लिहू नका. सातबारा सगळ्यांना खुला आहे, म्हणजे गट नंबर दिला की मालकाचं नाव दिलं. माझा एक सौदा असाच शेजारच्या दलालाने नेला. त्याला दोष देत नाही, मीच ताट वाढून ठेवलं होतं.

मग नकाशा. एकदा नागपूरची पार्टी निघाली आणि मी चहाच्या टपरीवर बसूनच ‘करंट लोकेशन’ पाठवलं. ते लोक टपरीवर पोचले. दुसऱ्यांदा अंदाजाने नकाशावर बोट ठेवलं, तर नाल्याच्या पलीकडे. फोन आला, "भाऊ, पूल कुठी आहे इथं?" पूल नव्हताच. आता वावरात जाऊन, धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून, गुगल मॅपवर निळा ठिपका स्थिर झाला की तिथे बोट दाबून धरतो आणि पिन ‘सेव्ह’ करतो. पांदण रस्ता (वावरात जाणारी कच्ची वाट) जिथून फुटतो तिथली पिन वेगळी पाठवतो, कारण मॅप पांदण ओळखेलच असं नाही. वावरात रेंज नसते, म्हणून तेवढा नकाशा घरून डाउनलोड करून ठेवायचा. आणि जाहिरातीत ‘समृद्धी टच’, म्हणजे समृद्धी महामार्गाला लागून, असं लिहू नका. इंटरचेंजपासून गाडीने किती किलोमीटर ते मोजून लिहा. समृद्धीच्या कुंपणाला लागून वावर असलं तरी चढायला इंटरचेंजलाच जावं लागतं.

व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत नको, अखंड करा. मी मोटरसायकलवर मागे बसतो आणि डांबरी रस्ता सुटल्यापासून विहिरीपर्यंत न थांबता काढतो. विहिरीत डोकावून पाणी, मग डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), मग चारही धुरे. हा झाला उन्हाळ्यातला. त्याच पांदणीचा दुसरा व्हिडिओ ऑगस्टमध्ये, काळ्या मातीचा गोळा चाकाला बसलेला असताना. मालक चिडतात. पण चिखल पाहूनही जो येतो तो घेणारा असतो, आणि बाकीच्यांना फिरवण्याचं पेट्रोल वाचतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप घ्या, फुकट आहे. ‘पाहून गेले’, ‘इसार झाला’ अशी लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून भेटल्याबरोबर त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करायला लावा. सातबारा फोटो म्हणून पाठवला तर आकडे पुसट होतात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. क्षेत्र 2.02 हेक्टर असेल तर सोबत "सुमारे 5 एकर" लिहा, शहरातला माणूस हेक्टर-आर वाचत नाही.

ले-आऊटचे प्लॉट विकत असाल तर महारेराच्या (घरं-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साईटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा आणि स्वतःचीही एजंट म्हणून नोंदणी करा. त्यासाठी आता प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला. नोंदणीशिवाय रेरातले प्लॉट विकले तर रोजचा 10 हजारांचा दंड कायद्यात लिहिलेला आहे. निव्वळ शेतीच्या सौद्याला रेरा लागत नाही.

टायपिंग येत नाही म्हणालात. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा, भाषा मराठी ठेवा आणि बोला. हे उत्तर मी तसंच लिहिलंय. ‘वावर’चं त्याने चार वेळा ‘वापर’ केलं, तेवढं हाताने दुरुस्त केलं.