वाचकांचे प्रश्न : जन्मांध मुलाचा मेंदू कसा घडतो?

प्रश्न : वापर नसलेला स्नायू रोडावतो. मग जन्मांध व्यक्तीच्या मेंदूतला पाहण्याचा भाग डोळस माणसापेक्षा जाड कसा असतो?

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे, पण ते अर्धेच आहे. डोळ्यापासून निघणारी वाट खरोखर रोडावते. दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, बारीक राहते आणि तिचे तंतू थॅलॅमसमधल्या (मेंदूच्या मध्यभागी असलेल्या, संदेश पुढे पाठवणाऱ्या भागातल्या) ज्या केंद्रात पोचतात तेही लहान राहते. डोक्याच्या मागच्या भागात असलेल्या प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्सचे (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, डोळ्यांचे संदेश पहिल्यांदा पोचतात त्या भागाचे) क्षेत्रफळसुद्धा कमी भरते. जाडी मात्र वाढलेली आढळते, आणि त्याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण बाळपणात सापडते. जन्मानंतर तिथे चेतापेशींच्या जोडण्या भराभर वाढतात, साधारण ८व्या महिन्याच्या सुमारास त्या सर्वांत दाट असतात आणि पुढची काही वर्षे त्यांतल्या अनेक छाटल्या जातात. कोणती जोडणी टिकायची हे बऱ्याच अंशी डोळ्यांकडून येणाऱ्या संदेशांवर ठरते. ते संदेश आलेच नाहीत, तर छाटणी अपुरी राहते आणि थर जाड राहतो. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांमध्ये असा जाडपणा सहसा दिसत नाही तो यामुळेच.

हा फरक मिलिमीटरच्या काही अंशांचा असतो. अनेकांची सरासरी काढल्यावर तो कळतो, एकट्याच्या एमआरआयवरून काही निष्कर्ष काढू नये. आणि मूळ आराखडा दृष्टीविनाही तयार होतो: या भागाची खूण असलेला जेन्नारीचा पट्टा, म्हणजे त्या थरातली पांढरट रेघ, जन्मांधांच्या मेंदूतही असतो.

प्रश्न : आमची दीड वर्षाची मुलगी जन्मतः पूर्ण अंध आहे. तिच्या मेंदूचा तो भाग रिकामाच राहणार का?

उत्तर : नाही, तो रिकामा राहत नाही. लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्ती ब्रेल वाचताना त्यांचे दृष्टी-कॉर्टेक्स काम करते, हे १९९६ साली मेंदूच्या चित्रणातून दिसले. १९९७मध्ये त्याच भागावर चुंबकीय स्पंद देऊन पाहिले, तेव्हा वाचनात चुका होऊ लागल्या. सर्वांत बोलका पुरावा एका जन्मांध स्त्रीचा आहे. ती ब्रेल सराईतपणे वाचत असे. पक्षाघाताने दोन्ही बाजूंचा हा भाग निकामी झाला, तेव्हा तिला बोटांखाली ठिपके जाणवत, पण अक्षरे लागेनात. स्पर्शाखेरीज भाषा आणि शब्दांची आठवण यांसाठीही हा भाग कामी येतो.

म्हणून आतापासून तिच्या हातांना आणि कानांना अर्थपूर्ण काम द्या. वस्तू हातात असतानाच त्या वस्तूचे नाव सांगा. तिचा हात धरून ओढू नका; तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवा, म्हणजे तो केव्हा काढायचा हे तिच्या मर्जीवर राहते. प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृतींपेक्षा खरी वाटी, खरा चमचा, खरी किल्ली द्या. डोळस माणसाला प्रतिकृती मूळ वस्तूसारखी दिसते, स्पर्शाला ती तशी लागत नाही. दिवसभर टीव्ही चालू ठेवू नका, कारण त्या गोंगाटात पावलांचे, दाराचे आवाज बुडतात आणि दिशा कळण्याचे तिचे साधनच जाते. ब्रेलची ओळखही लवकर करून द्या. सहा ठिपक्यांचे अक्षर बोटाच्या एका पेराखाली मावते. ठिपक्यांतले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. सरावासाठी अवाढव्य ठिपके केले, तर अख्खे अक्षर एका स्पर्शात कळत नाही.

प्रश्न : अंध व्यक्तीचे कान आपोआप तीक्ष्ण होतात का?

उत्तर : कान तेच असतात. आवाज कुठून आला, सूर चढला की उतरला, हे ओळखण्यात लहानपणापासून अंध असलेले अनेकजण सरस ठरतात; पण ती मेंदूची घडण आणि सराव यांची कमाई आहे.

प्रश्न : बाळाच्या दोन्ही डोळ्यांत जन्मतः दाट मोतीबिंदू आहे. वर्षभर थांबून शस्त्रक्रिया केली तर चालेल का?

उत्तर : कृपया थांबू नका. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल, तर साधारणपणे ८ आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया करतात. पहिल्या ४ आठवड्यांत केल्यास पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून नेमका दिवस बालनेत्रतज्ज्ञ ठरवतील. उशीर झाला की डोळे सतत थरथरू लागतात आणि गढूळ भिंग काढूनही मेंदू बारकावे नीट टिपत नाही. शस्त्रक्रियेनंतर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लगेच हवी. ती टाळली, तर अस्पष्ट प्रतिमेमुळे डोळा आळशी राहतो. बाळाच्या वाढीबरोबर नंबर बदलतो, त्यामुळे तपासण्या चुकवू नका आणि प्रत्येक वेळी डोळ्याचा दाबही मोजून घ्या.