"तुमची फाईलच नाही" असं खिडकीवर सांगितलं, तर

प्रश्न: माझी मुलगी नाशिकच्या एका खासगी महाविद्यालयात बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून), खुल्या प्रवर्गातून झाला. आमची निफाड तालुक्यात तीन एकर शेती. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑगस्टमध्ये नेटकॅफेतून भरला आणि कागदांचा संच महाविद्यालयात दिला. पोच घेतली नाही. अर्जावर मोबाईल नंबर कॅफेवाल्याचा होता, त्यामुळे पुढे काय झालं ते कळलं नाही. आता खिडकीवर सांगतात, "काका, तुमची फाईलच नाही. सोमवारपर्यंत पूर्ण फी भरा, नाहीतर हॉलतिकीट मिळणार नाही." प्रवेशाच्या वेळी हमीपत्रही लिहून घेतलं आहे. कॅफेवाला म्हणतो, जुन्या उत्पन्नाच्या दाखल्यावरची तारीख बदलून देतो. आडत्याकडून उचल घेऊन फी भरून टाकू, की ग्राहक मंचात जाऊ? पोर्टलचा फोटो सोबत पाठवला आहे.

उत्तर: दादा, आडत्याकडे एवढ्यात जाऊ नका. आणि त्या कॅफेवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. दाखल्यावर बारकोड असतो, त्यामुळे खाडाखोड लपत नाही. शिवाय बनावट दस्तऐवज तयार करणं आणि तो वापरणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत. अर्ज मुलीच्या नावाचा आहे, म्हणजे नाव तिचं येईल. दोनशे रुपयांच्या कामासाठी पोरीचं सगळं शिक्षण पणाला लागेल.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. अर्जासमोर 'सेंड बॅक', म्हणजे परत पाठवला, असं आहे. खाली शेरा आहे की उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, आणि तारीख सप्टेंबरची आहे. म्हणजे खिडकीवर जे सांगितलं ते आणि पडद्यावर जे दिसतं ते जुळत नाही. अर्ज पोचलाच नसता, तर दाखल्याची मुदत तपासली कोणी? कागदांचा संच त्यांच्याकडे सापडत नसेल, पण अर्ज त्यांना मिळाला होता आणि कुणीतरी तो उघडून वाचला होता. 'कागद नाही' आणि 'कागद मुदतीतला नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी नवा दाखला आणून मिटते.

म्हणून पैशांचं बोलण्याआधी एकच गोष्ट शोधायची: अर्ज कोणाच्या टेबलावर थांबला? महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज विद्यार्थ्याकडून आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो. तिथे पडताळणी झाली की पुढे शासनाच्या कार्यालयाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत तंत्रशिक्षण विभागाच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडे. ते नाशिकरोडला, सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात आहे. अर्ज महाविद्यालयानेच परत केला असेल, तर तो त्यांच्या दारातून बाहेर पडलेलाच नाही. मग 'शासनाने शिष्यवृत्ती दिली नाही' असं त्यांना म्हणता येत नाही.

आता हमीपत्राचं. तुम्ही पाठवलेली प्रत वाचली. त्यात 'शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास संपूर्ण शुल्क भरेन' असं आहे. सही तुमची आहे, ती नाकारून चालणार नाही. पण अर्ज परत येणं म्हणजे नामंजूर होणं नव्हे. दुरुस्ती करून पुन्हा पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. हमीपत्रातली अट अजून पुरी झालेली नाही, म्हणून आज त्या कागदावर बोट ठेवून पूर्ण फी मागता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुळात किती फी? राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा लाभ मिळत असे. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी तो शंभर टक्के झाला. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, आणि तो आधीपासून शिकणाऱ्या मुलींनाही लागू आहे. इतर शुल्क त्यात येत नाही. तेव्हा शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि बाकीचं असा वेगवेगळा हिशेब लेखी मागा. बाकीचं काही खरंच थकलं असेल तर ते भरून टाका, पावती घ्या. तुमची बाजू त्याने बळकट होते.

सोमवारी महाविद्यालयात जाताना मुलीच्या सहीचा अर्ज न्या. दोन प्रती काढा. मजकूर साधा ठेवा: "माझा महाडीबीटी अर्ज क्रमांक अमुक, तो सप्टेंबरमध्ये परत आल्याचं मला आता समजलं. तो कोणत्या लॉगिनवरून परत केला, ते लेखी कळवावं. नवीन उत्पन्नाचा दाखला सादर करत आहे. अर्जावर निर्णय होईपर्यंत शिक्षण शुल्कासाठी माझं हॉलतिकीट अडवू नये." हा अर्ज खिडकीवर देऊ नका. कार्यालयात आवक-जावक विभाग असतो, तिथे द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घेत नाहीत? मग त्याच दिवशी पोस्टात जाऊन प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ऑगस्टमध्ये असा एक शिक्का घेतला असता, तर आज हा प्रश्नच पडला नसता. तुम्हाला बोल लावायचा म्हणून हे लिहीत नाही. एसटीने येऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा राहिलेला माणूस शिक्का मागायला बिचकतो, हे मी कोर्टाबाहेर रोज पाहते. पण मागा. तो तुमचा हक्क आहे.

दाखल्यासाठी उद्याच सेतू केंद्रात जा. उत्पन्नाचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खालची अधिसूचित सेवा आहे. ती ठरलेल्या मुदतीत द्यावीच लागते, नाहीतर अपील करता येतं. अर्जाची पोचपावती मात्र घ्या, आणि सोमवारपर्यंत दाखला हातात आला नाही तर तीच पावती महाविद्यालयाच्या अर्जाला जोडा. या कामाच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. कुणी मागितला तर विकत घेऊ नका. दाखला आला की मुलीच्या लॉगिनमधून तो अपलोड करून अर्ज पुन्हा सादर करा. ती सोय बंद झाली असेल, तर लॉगिन उघडून देण्यासाठी विभागीय कार्यालयाला लिहा, आणि तसंच पत्र महाविद्यालयानेही द्यावं अशी मागणी करा. 'मुदत दरवर्षी वाढतेच' या भरवशावर एक दिवसही थांबू नका.

महाविद्यालय ऐकत नसेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार तिथल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करा. शिष्यवृत्ती मिळण्यातली दिरंगाई हा त्या नियमांत तक्रारीचा विषय म्हणून धरलेला आहे. समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. तक्रारीची एक प्रत विभागीय कार्यालयाला द्या.

माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण महाविद्यालयाकडे नको. विनाअनुदानित संस्था 'हा कायदा आम्हाला लागू नाही' असं उत्तर देऊन महिना घालवेल. विभागीय कार्यालय शासनाचं आहे, तिथे द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एकच विषय घ्या आणि दीडशे शब्दांच्या आत लिहा, कारण आपल्या राज्याचा तसा नियम आहे. अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या लॉगिनवर होता आणि परत कोणी केला, एवढंच विचारा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. या परीक्षेआधी ते येणार नाही, पण पुढे भांडायची वेळ आली तर तोच पुरावा ठरेल.

ग्राहक मंच नको. शिक्षण संस्था ग्राहक कायद्यात येते की नाही याचाच वाद आहे, आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

हॉलतिकीट खरोखरच अडवलं, तर परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत वाट पाहू नका. परीक्षा विद्यापीठ घेतं. त्यामुळे शिक्का मारलेल्या प्रतीसह सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला लगेच कळवा. तरीही दाद लागली नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करून तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मुलीला सोबत घेऊन जा, कारण अर्ज तिच्या नावाचा लागेल.

एवढं करूनही परीक्षेसाठी पैसे भरावेच लागले, तर पूर्ण रक्कम एकदम भरू नका. हप्ता मागा, आणि भरण्याआधी लेखी द्या की 'शिष्यवृत्तीचा हक्क राखून भरत आहे, मंजुरीनंतर ही रक्कम परत मिळावी.' त्यावरही शिक्का घ्या.

आणि आज संध्याकाळीच मुलीला पोर्टलवरचा मोबाईल नंबर बदलून स्वतःचा टाकायला सांगा, पासवर्डही बदलायला सांगा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे ती तिच्या शाखेत विचारून घेईल.