‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

लोकशाही आणि हुकूमशाहीवरचा तुझा कच्चा मसुदा वाचला. मध्ये उभी रेघ. डावीकडे स्वातंत्र्य, समता, संथ कारभार आणि उजवीकडे दडपशाही, भीती, झटपट निर्णय. परीक्षेत याला गुण मिळतील. पण कट्ट्यावर कुणी म्हणालं, ‘या देशाला दहा वर्षं हुकूमशहाच हवा,’ तर हा तक्ता तुझ्या कामाला येणार नाही, कारण त्याला हवा तो ‘झटपट निर्णय’ तूच त्याच्या पदरात घातला आहेस.

सगळी विशेषणं आधी काढून टाक. राज्यघटनेचा मजकूरही पहिल्या फेरीत बाजूला ठेव. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेतलं १२५ वं कलम भाषण, मुद्रण आणि सभा यांचं स्वातंत्र्य देत होतं, आणि १९३७ मध्ये रीतसर निवडणूकही झाली: एका जागेला एकच उमेदवार. म्हणजे ‘घटना आहे का, निवडणूक होते का’ एवढं विचारून भागत नाही. त्याऐवजी असं शोध: सत्तेला ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाकुणाला होता, तो प्रत्यक्षात कुणी वापरला, आणि वापरणाऱ्याचं पुढे काय झालं?

जर्मनीपासून सुरुवात कर, आणि तिथे तारखा सोडू नकोस. ‘हिटलर निवडून आला’ हे तुझं वाक्य अर्धवट आहे. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाची मतं ३३ टक्क्यांवर घसरली होती. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने त्याला चॅन्सेलर नेमलं, आणि त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन होते. ‘आपण त्याला आवरू’ असा बाकीच्यांचा हिशेब होता. २७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी घटनेच्या ४८ व्या कलमाखाली अध्यादेश काढून नागरी हक्क स्थगित झाले. कलम घटनेतलंच होतं, हे अधोरेखित कर.

आता २३ मार्चचं गणित कागदावर मांड. मंत्रिमंडळालाच कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा मंजूर करायचा होता. त्याला दोन-तृतीयांश मतं हवी होती. सभागृह ६४७ चं, म्हणजे पूर्ण हजेरीत ४३२. नाझी २८८, त्यांचे मित्र ५२, बेरीज ३४०. ही तूट कशी भरली? कम्युनिस्टांचे ८१ सदस्य तुरुंगात, फरार किंवा दाराबाहेर. विनापरवानगी गैरहजर राहणारे हजर धरायचे, असा नियम बदलला, म्हणजे बहिष्कार घालून गणसंख्या मोडण्याची वाट बंद. कॅथलिक सेंटर पक्षाला आश्वासनं देऊन वळवलं. आणि सभागृहात गणवेशातले नाझी स्वयंसेवक उभे होते. कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. त्यांच्या वतीने विरोधात बोललेले ओटो वेल्स काही महिन्यांतच परदेशात होते, जूनमध्ये पक्षावर बंदी आली, जुलैत नवा पक्ष काढणंच गुन्हा ठरलं. जर्मनीची ती घटना, म्हणजे वायमार घटना, मात्र कधीच औपचारिकपणे रद्द झाली नाही. ती गरज उरली नव्हती.

झटपट निर्णयाचा मुद्दा इथे सुटत नाही, त्यासाठी चीनकडे जा. १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’त, म्हणजे शेती आणि उद्योगाचं उत्पादन एकदम वाढवायच्या माओच्या मोहिमेत, खालच्या अधिकाऱ्यांनी वरच्यांना खूश करायला पिकाचे आकडे फुगवले, त्या फुगवलेल्या आकड्यांवर सरकारने धान्यवसुली ठरवली, आणि शेतकऱ्याच्या घरात दाणा उरला नाही. जुलै १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओला पत्र लिहून गडबड दाखवली. त्यांचं पद गेलं, आणि ‘उजवे’ असल्याचा शिक्का बसायच्या भीतीने बाकीचे गप्प झाले. दुष्काळ १९६१ पर्यंत चालला. बळींचे अंदाज दीड कोटींपासून चार कोटींच्या वरपर्यंत जातात. निर्णय झटपट होते, चूकही झटपट पसरली. थांबवणारी बातमी तेवढी वर पोचली नाही.

त्याच्या शेजारी आपला बहात्तरचा दुष्काळ ठेव. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं हे तू आजीकडून ऐकलं असशील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. ती कामं नुसत्या दयेपोटी उघडली नाहीत. मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, आणि विधानसभेत आमदारांना आपल्या तालुक्याचा हिशेब द्यावा लागत होता. तुलना करताना दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे लिही. एक, तिकडे धोरणानेच संकट ओढवलं, इकडे पाऊस हुकला होता. दोन्ही सरसकट एका मापाने मोजू नकोस. दोन, उपासमार बातमी होते, पण रोजचं कुपोषण होत नाही, आणि तिथे आपली लोकशाही वर्षानुवर्षं ढिली पडली आहे. हे लपवलंस तर समोरचा नेमकं तेच काढेल.

आता आणीबाणी. तुझ्या मसुद्यात तिला दोन ओळी आहेत, किमान पानभर हवं, कारण एकच देश दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा असलेला इथे दिसतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाची मान्यता दुसऱ्या दिवशी सकाळी. इथे ‘नाही’ कुणी म्हटलं? नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं, की स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते ४ विरुद्ध १ मतांनी फिरवलं. विरोधातलं एक मत न्या. ह. रा. खन्ना यांचं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी व्यासपीठावरूनच लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. ‘गाड्या वेळेवर धावत होत्या’ म्हणणाऱ्याला एवढंच विचार, की नसत्या धावल्या तर सेन्सॉरशिपच्या त्या काळात ते छापायची परवानगी कुणाकडून घ्यायची होती?

पण मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, मतमोजणी खरी झाली, पंतप्रधान रायबरेलीत ५५ हजारांहून अधिक मतांनी हरल्या आणि पायउतार झाल्या. जर्मनीत आणि इथे फरक कुठे पडला, हे तुझ्या लेखाचं मध्यवर्ती पान व्हायला हवं. तुझ्या मसुद्यातला अथेन्सचा परिच्छेद कापलास तर त्याला जागा होईल.

पुढच्या मसुद्याआधी एक काम कर. आपल्या घटनेतल्या आणीबाणीच्या कलमाचा, म्हणजे कलम ३५२ चा, जुना मजकूर आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतरचा मजकूर शेजारी ठेव. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. संसदेची मान्यता दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, तीही विशेष बहुमताने (एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश), आणि दर सहा महिन्यांनी नव्याने. लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर आणीबाणी फेटाळण्यासाठी १४ दिवसांत बैठक घ्यावी लागते. कलम २० आणि २१ मधले (आरोपीचं संरक्षण, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) हक्क स्थगित करता येत नाहीत. मग प्रत्येक अटीपुढे लिही, की १९७५ मध्ये ती असती तर काय अडलं असतं. एक उदाहरण मीच देतो: १९७१ मध्ये ५१८ पैकी ३५२ जागा सत्ताधारी पक्षाकडे होत्या, म्हणजे विशेष बहुमताची अट लोकसभेत तरी सहज पार झाली असती. बाकीच्या अटी तू तपास, आणि कुठली टिकते, कुठली कोलमडते ते कारणांसह कळव.