फ्रोझनमध्ये ‘कडा साफ’, मग अंतिम रिपोर्टात कड पॉझिटिव्ह कशी?

तुम्ही विचारलंय की आईच्या स्तनाची गाठ काढताना ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन तपासणीत (तुकडा गोठवून लगेच पाहतात ती) कडा साफ असल्याचं सांगितलं आणि आठ दिवसांनी एक कड पॉझिटिव्ह आली, म्हणजे काढलेल्या भागाच्या काठावर कॅन्सरच्या पेशी दिसल्या, तर चुकलं कोण? बहुतेक वेळा कोणीच नाही.

सर्जन गाठीला दिशा कळावी म्हणून टाके घालतात; बऱ्याच ठिकाणी आखूड टाका वरच्या बाजूला, लांब टाका काखेकडे. आम्ही पॅथॉलॉजिस्ट पृष्ठभाग टिपून कोरडा करतो, बाजूंना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतो आणि गाठ चिरून सर्वांत जवळची कड नजरेने आणि बोटांनी शोधतो. तिथला तुकडा उणे २० अंशांच्या आसपास गोठवून काप काढायचा, २०-३० मिनिटांत उत्तर द्यायचं. पण स्तनात चरबी भरपूर, आणि ती या तापमानाला नीट गोठत नाही, काप फाटतो. शिवाय एक काप साधारण ५ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे २०० काप बसतात आणि आम्ही पाहतो त्यातले मोजकेच. दुधाच्या नळ्यांतच राहिलेला, बाहेर न पसरलेला कॅन्सर, म्हणजे डीसीआयएस, तर बहुधा हाताला लागत नाही, डोळ्यांनाही दिसत नाही. त्यात कॅल्शियमचे कण असतील तर काढलेल्या भागाच्या एक्स-रेत सापडतो, नसतील तर तिथेही निसटतो.

नंतर तुकडे फॉर्मलिनमध्ये टिकवून पॅराफिन मेणात बसवले की कितीतरी जास्त भाग तपासला जातो. म्हणून अंतिम रिपोर्टच धरायचा.

आता रिपोर्ट हातात घ्या. सर्जनने पोकळीच्या भिंतीचा जादा थर, म्हणजे ‘शेव्ह’, त्याच बाजूने काढला होता का? तो साफ असेल तर त्या बाजूची खरी कड साफच आहे. मुख्य गाठीची ओळ वाचून अनेकजण उगाच घाबरतात. नसेल, तर कडेवर नेमकं काय आहे ते बघा. पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये शाईला पेशी टेकलेल्या नसल्या की पुरे, हा २०१४ पासूनचा निकष. फक्त डीसीआयएस असेल तर २ मिलिमीटर अंतर हवं. साधा एलसीआयएस (दूधग्रंथींतच राहिलेल्या असामान्य पेशी) कडेवर असला तरी तेवढ्यासाठी पुन्हा ऑपरेशन करत नाहीत.

कड पुढची की मागची, हेही विचारा. मागे स्नायूवरचं आवरण आधीच काढलं असेल, तर तिथे आणखी काढण्यासारखं फारसं उरत नाही. बाकी बाजूंना मात्र रेडिएशन आहेच म्हणून पॉझिटिव्ह कड तशीच सोडू नका.